फोटो एकच, किंमत दोन: बुद्धिबळाचा सेट घेताना

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"मी सांगलीत विश्रामबागला राहते. माझ्या वडिलांना डिसेंबरमध्ये सत्तर वर्षं पूर्ण होतील. ते गावभागात राहतात आणि रोज संध्याकाळी शेजारच्या काकांबरोबर त्यांचे दोन डाव ठरलेले. त्यांचा जुना लाकडी पट २०१९ च्या पुरात फुगून गेला. मोहरे वाचले, पण बुडाचं कापड सुटलंय आणि एका घोड्याचा कान तुटलाय. सध्या ते खेळण्यांच्या दुकानातल्या हलक्या सेटवर खेळतात, पंख्याच्या वाऱ्यानंही प्यादी हलतात. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, दिवाळीच्या सुट्टीत पहिली मानांकन स्पर्धा खेळणार आहे. आजोबा-नातीला दोघांनाही चालेल असा एकच चांगला सेट घ्यावा, असा विचार आहे. बजेट बारा हजार. एका मोठ्या शॉपिंग साइटवर 'एबोनी, चार इंची राजा, ट्रिपल वेटेड' असा सेट साडेसहा हजारांना दिसतो. फक्त बुद्धिबळाचं सामान विकणाऱ्या एका दुकानात तसाच दिसणारा सेट चौदा हजारांना आहे. फोटो तर एकच वाटतो! मग फरक कशाचा? आणि घड्याळही घ्यावं का?"

ताई, दोघांसाठी एकच सेट घेऊ नका, हे आधी सांगतो. स्पर्धेचा सेट दर रविवारी पिशवीत कोंबला जातो, घाईच्या डावात मोहरे फरशीवर पडतात, फेरी संपल्यावर शेजारच्या टेबलावरचं प्यादं आपल्या पिशवीत येतं आणि आपलं तिकडे जातं. लाकडी राजाच्या डोक्यावरचा क्रॉस या धबडग्यात फार दिवस टिकत नाही. बाबांचा सेट मात्र संध्याकाळी काका आले की मांडलेला असायला हवा, नातीच्या पिशवीतून परत येण्याची वाट बघायला लागू नये. गरजा दोन आहेत आणि त्यातली एक अगदी स्वस्तात भागते.

ती आधी उरकू. मुलीसाठी प्लास्टिकचा, बुडात वजन भरलेला, स्टॉन्टन घडणीचा सेट घ्या. ही घडण १८४९ मध्ये लंडनच्या जॅक्स कंपनीनं बाजारात आणली, आणि स्पर्धेत तीच चालते. राजा ९.५ सेंटिमीटर उंच, मोहरे ३२ ऐवजी ३४, म्हणजे दोन्ही रंगांचा एकेक वजीर जादा. हा जादा वजीर चैनीचा नाही. प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि हाताशी वजीर नसला की मुलं हत्ती उलटा ठेवून "वजीर" म्हणतात. पंच तो हत्तीच धरतात, तोंडानं काहीही म्हटलं तरी. सोबत गुंडाळायचा व्हिनाइलचा पट घ्या, घर ५.५ ते ५.७ सेंटिमीटरचं, कडेला अक्षरं आणि आकडे छापलेले, कारण चाली लिहिताना मुलांची नजर तिथेच जाते. रंग हिरवा-पांढरा घ्या, ट्यूबलाइटखाली चार तास बघायला तो बरा पडतो. हे सगळं मिळून साधारण हजार ते दीड हजारात बसतं.

सेट हातात आला की प्रत्येक मोहरा कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ वाजलं तर बुडातला लोखंडी तुकडा सुटलाय. एक-दोनच वाजत असतील तर परत पाठवण्यापेक्षा घरी दुरुस्त करणं सोपं: बुडाचं कापड ब्लेडनं अलगद सोडवा, आत अ‍ॅरल्डाइटचे दोन-चार थेंब सोडा, मोहरा रात्रभर सरळ उभा ठेवा, सकाळी कापड फेव्हिकॉलनं परत चिकटवा. पाच-सहा वाजत असतील तर मात्र सेट बदलूनच मागा. व्हिनाइलच्या पटाची घडी कधीही घालायची नाही. पहिल्यांदा उघडल्यावर कोपरे वर वळतात, एक रात्र गादीखाली सपाट ठेवला की बसतात. पुढे गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवायची, म्हणजे पसरल्यावर कडा खाली दबतात.

आता फोटोचा प्रश्न. आपल्याकडे लाकडी मोहरे कोरण्याचं मोठं केंद्र म्हणजे अमृतसर. परदेशातली नावाजलेली दुकानं विकतात त्यातलेही कितीतरी सेट तिथेच कोरलेले असतात. त्यामुळे बाहेरून मागवून वर पोस्टेज आणि कस्टम भरण्यात फारसा अर्थ नाही. एकाच घडणीचे सेट अनेक कारखान्यांत होतात आणि फोटो या विक्रेत्याकडून त्या विक्रेत्याकडे फिरत राहतात. फोटोवरून फक्त घडण कळते. लाकूड, वजन आणि हातकाम यातलं काहीच कळत नाही, आणि पैसे तर त्याच तीन गोष्टींचे असतात.

साडेसहा हजारांतला 'एबोनी' हा शब्द पुन्हा नीट वाचा. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, बहुधा 'एबोनाइज्ड' लिहिलेलं असेल. एबोनी म्हणजे आबनूस, आतून-बाहेरून काळंच असलेलं लाकूड. एबोनाइज्ड म्हणजे फिकट रंगाचं बॉक्सवूड काळं रंगवलेलं. या दोघांच्या किमतीत दुपटी-तिपटीचा फरक सहज असतो. चार इंची राजाचा खरा आबनुसी सेट साडेसहा हजारांत देणं कोणत्याही प्रामाणिक दुकानाला जमणार नाही. लाकडांच्या नावांचा गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. 'गोल्डन रोजवूड' म्हणून विकतात ते बहुतेक वेळा शिसम किंवा बाभळीच्या जातीचं लाकूड असतं. 'बड रोजवूड' म्हणजे पडौक, सुरुवातीला लालभडक आणि उजेडात ठेवल्यावर हळूहळू तपकिरी होणारं. आपल्या घरातल्या जुन्या पलंगाची शिसवी ती या दोन्हींहून वेगळी. म्हणून दुकानदाराला इंग्रजी नाव विचारू नका, झाडाचं नाव विचारा.

पण रंगवलेलं म्हणजे वाईट, असं समजू नका. आम्हाला विचाराल तर बाबांच्या रोजच्या खेळासाठी आबनुसापेक्षा रंगवलेलं बॉक्सवूडच बरं. आबनूस घट्ट असतं, पण तडकतं, आणि सांगलीची हवा त्याची परीक्षाच बघते: एप्रिल-मेची कोरडी धग, मग जुलै-ऑगस्टची ओल. कोरड्या दिवसांत लाकूड आकसतं. बुडात बसवलेलं लोखंड किंवा शिसं आकसत नाही. वजन लाकडाला घट्ट भिडवून बसवलं असेल तर ताण लाकडावर येतो आणि बुडापासून वर केसासारखी चीर जाते. चांगला कारागीर लाकूड नीट वाळवून घेतो आणि वजनाभोवती किंचित जागा सोडतो. चौदा हजारांतले काही पैसे या वाळवण्याचे असतात. काही दुकानं मोहरा तडकला तर बदलून देतात, ते किती महिन्यांपर्यंत, हे लेखी विचारा. रंग कच्चा आहे का हे घरी कळतं: पांढरा कापूस किंचित ओला करून काळ्या मोहऱ्याच्या गळ्याच्या खाचेत फिरवा. कापूस काळा झाला तर बाबांची बोटंही होणार.

'ट्रिपल वेटेड' म्हणजे बुडात जास्त वजन भरलेलं, पण त्याला ठरलेलं माप नाही. एकाचं ट्रिपल दुसऱ्याच्या सिंगलपेक्षा हलकं निघू शकतं. ग्रॅममध्ये विचारा. ९.५ सेंटिमीटर राजाचा लाकडी सेट, ३२ मोहऱ्यांचा, सव्वा ते दीड किलोच्या आसपास असला की हाताला बरा वाटतो. सत्तरीतल्या बोटांसाठी त्याहून जड नको. वजन योग्य जागी आहे का हे बघायचं तर राजा बोटानं साधारण ४० अंश कलवा आणि सोडा. तो डुलून परत उभा राहिला पाहिजे. आडवा झाला तर वजन कमी आहे किंवा फार वर भरलंय.

मापांचंही सांगून टाकतो, कारण 'चार इंची' ऐकून लोक भुलतात. बुद्धिबळाची जागतिक संघटना फिडे स्पर्धेसाठी सुचवते ती उंची अशी: राजा ९.५, वजीर ८.५, उंट ७, घोडा ६, हत्ती ५.५, प्यादं ५ सेंटिमीटर, दहा टक्के इकडे-तिकडे. बुडाचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के. पटाचं घर ५ ते ६ सेंटिमीटर. चार इंची राजा म्हणजे १०.२ सेंटिमीटर, मापात बसतो खरा, पण त्याला मोठा पट लागतो आणि मोठ्या पटाला मोठं टेबल. गावभागातल्या बैठकीच्या खोलीतला टीपॉय आधी मोजून या.

आणि घोडे. राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादी लेथवर उतरतात, घोड्याचं डोकं मात्र हातानं कोरावं लागतं. सेटच्या किमतीतला मोठा वाटा या चार डोक्यांचा असतो आणि कारागिराची खरी ओळखही तिथेच पटते. चारही घोडे एका ओळीत, एकाच बाजूला तोंड करून ठेवलेला फोटो मागवा. मग मोठा करून बघा. चारही माना एकाच उंचीवर थांबतात का? डोळे दोन्ही बाजूंना समोरासमोर आहेत, की एक कानाजवळ आणि एक नाकाजवळ? आयाळीच्या रेघा मानेच्या वळणाबरोबर फिरतात, की करवतीनं सरळ ओढल्यासारख्या आहेत? ओठ उघडे असतील तर आत दातांची ओळ कोरलेली आहे, की नुसती एक खाच? डोकं आणि बुड वेगळे करून जोडतात, त्या सांध्यावर डिंकाची पिवळट रेघ दिसते का? स्वस्त सेटमध्ये नेमके याच जागी हात आखडलेले असतात. हा फोटो द्यायला जे दुकान कां-कूं करेल तिथून लाकडी सेट घेऊ नका.

पण ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य आम्हाला राहून राहून आठवतंय: "मोहरे वाचले." बाबांच्या हाताला त्या मोहऱ्यांची सवय आहे. नवीन सेट मागवण्याआधी ते बाहेर काढून बघा. कापड सुटलेलंच आहे, तेव्हा बुडं तपासणं सोपं आहे. लोखंडी वजन असेल आणि पुराचं पाणी आत गेलं असेल तर गंजाचे तांबूस डाग दिसतील. गंज फुगतो आणि लाकूड आतून फोडतो, म्हणून बुडाच्या कडेला नखानं चीर चाचपून बघा. दोन-तीन मोहऱ्यांहून जास्त फुटलेले नसतील तर सेट वाचवण्यासारखा आहे. खाचांतला वाळलेला गाळ मऊ टूथब्रशनं कोरडाच काढा, मग पिळून काढलेल्या फडक्यानं पुसा. उन्हात ठेवू नका, तेल लावू नका. तेलावर धूळ बसते आणि मोहरे चिकट होतात. शेवटी थोडं मेण मऊ कापडानं चोळलं की पुरे.

बुडाचं कापड तुम्ही स्वतः बदलू शकता. जुना डिंक खरवडून काढा, पॉलिश पेपरवर बुड दोनदा गोल फिरवा, फेव्हिकॉलचा पातळ थर द्या आणि मोहरा फेल्टच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, मोठ्या तुकड्यावर दाबून ठेवा. वाळल्यावर नव्या ब्लेडनं कडेकडेनं कापा, किंचित आतल्या अंगाला. आधी गोल कापून मग चिकटवायला गेलात तर एकही नीट बसणार नाही आणि कड बाहेर राहिली की तिथूनच कापड उसवतं. घोड्याच्या कानासाठी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत विचारून बघा. सतार-तंबोऱ्याचं नाजूक कोरीव काम, सांधा न दिसता जोड देणं आणि पॉलिश जुळवणं हा तिथल्या कारागिरांचा रोजचा हातखंडा आहे. तुटलेला कान सापडला तर तो आधी कागदात गुंडाळून ठेवा, नवीन कोरण्यापेक्षा तोच जोडलेला चांगला.

हे जमलं तर बाबांना फक्त नवा पट लागेल. फुगलेल्या जुन्या पटावर मेहनत घेऊ नका, प्लायचे थर एकदा सुटले की दाबून बसत नाहीत. नव्या पटाचं माप असं काढा: राजाच्या बुडाचा व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा आणि ०.७८ नं भागा. बुड ३.९ भरलं तर घर ५ सेंटिमीटरचं, ४.२ भरलं तर साधारण ५.४ चं. पडताळा घ्यायचा तर कागदावर तेवढा चौकोन आखा आणि त्यात चार प्यादी दाटीवाटीनं बसतात का बघा. सैल बसली तर पट मोठा होतोय, बाहेर आली तर लहान.

घरी खेळायला घडीचा पट नको. मधल्या सांध्यावर मोहरा डुगडुगतो आणि बिजागरी पावसाळ्यात गंजते. सपाट पट घ्या, वरून आणि खालून दोन्हीकडे लाकडाचा पातळ थर लावलेला. एकाच बाजूला थर असला की दोन्ही बाजू ओल वेगवेगळी शोषतात आणि पट पापडासारखा वाकतो. चकचकीत पॉलिश टाळा, दिव्याचा झोत पटावरून थेट डोळ्यांत येतो. आणि रंगाचा मेळ बघा: पटाची काळी घरं गडद शिसमची आणि मोहरेही शिसमचे असले तर काळ्या घरातला काळा उंट सत्तरीतल्या नजरेला सापडतच नाही. तपकिरी पटावर काळेभोर मोहरे उठून दिसतात. बाबांचे जुने मोहरे तपकिरी असतील तर पट फिकट रंगाचा निवडा. पावसाळ्यात पट भिंतीला टेकवून उभा ठेवायचा नाही, आडवा ठेवायचा, तोही बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. मोहऱ्यांच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, नाहीतर फेल्टवर बुरशी धरते. बाबा गावभागात राहतात, तेव्हा ऑगस्टमध्ये पुराच्या भीतीनं सगळं वरच्या फळीवर, हे वेगळं सांगायला नको.

घड्याळ घ्याच. बऱ्याच स्थानिक स्पर्धांत पट आणि घड्याळ खेळाडूनं आणायचं असतं, पत्रकात तसं लिहिलेलं असतं. फोनवरचं घड्याळ घरी चालेल, स्पर्धेच्या हॉलमध्ये फोन वापरता येत नाही. काट्याचं जुनं घड्याळ दिसायला छान, पण त्यात प्रत्येक चालीला वेळ वाढवून मिळत नाही, आणि आता बहुतेक खेळ त्यावरच चालतो: ९० मिनिटं अधिक ३० सेकंद, १५ अधिक १०, ३ अधिक २. तुम्ही घ्याल त्या घड्याळात या तिन्ही वेळा लावता येतात का, एवढंच तपासा. डीजीटी ३००० हे फिडेच्या मान्यतेचं, मोठ्या स्पर्धांत दिसणारं घड्याळ आहे, पण तुमच्या बजेटमध्ये त्याची घाई नको. दीड-दोन हजारांतलं साधं डिजिटल घड्याळ मुलीला पुढची काही वर्षं पुरेल. वरची पट्टी कोणाच्या बाजूला खाली दबलेली आहे हे लांबून दिसणारं असावं, आणि पट्टीचा आवाज कर्कश नसावा. सुट्टीत महिनाभर वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. सांगलीच्या ओल्या हवेत गळलेला सेल पत्र्याची टोकं हिरवी करून टाकतो. घड्याळावर आणि सेटच्या पिशवीवर मुलीचं नाव आणि फोन नंबर चिकटवा. चाली लिहायची एक वहीही घ्या, दीर्घ वेळेच्या डावात लिहिणं सक्तीचं असतं, सवय आधीपासून हवी.

पैशांचा हिशेब मग असा पडतो. मुलीचा सेट, पट, घड्याळ आणि वही मिळून साडेतीन हजारांच्या आसपास. बाबांचे मोहरे दुरुस्त होत असतील तर उरलेल्या पैशांत उत्तम सपाट पट येतो आणि वर पैसे राहतात. मोहरे वाचवण्यासारखे नसतील तर रंगवलेल्या बॉक्सवूडचा ९.५ सेंटिमीटर राजाचा सेट आणि मध्यम पट, एवढं बारा हजारांत बसवता येईल. चौदा हजारांचा आबनुसी सेट आम्ही तुम्हाला सुचवणार नाही.

नव्या सेटवर पैसे टाकण्याआधी एक करा. तुम्ही सांगलीत बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात राहता, भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या बुद्धिबळपटू जिथे घडल्या त्या गावात. इथे स्पर्धा भरते तेव्हा बाबांना घेऊन जा, डाव संपलेल्या टेबलावर परवानगी घेऊन दोन-चार वेगवेगळे सेट हातात धरून बघा. कुठलं माप बाबांच्या बोटांना जमतं ते दहा मिनिटांत कळेल.

मग दुकानाला असा निरोप पाठवा: "राजाची उंची आणि बुडाचा व्यास मिलिमीटरमध्ये कळवा. ३२ मोहऱ्यांचं वजन किती ग्रॅम? काळं लाकूड कोणत्या झाडाचं, रंगवलेलं की मूळचं काळं? बुडात लोखंड आहे की शिसं? जादा वजीर आहेत का? आम्हाला जो सेट पाठवणार त्याच्याच चारही घोड्यांचा फोटो हवा. एखादा मोहरा तुटला किंवा तडकला तर तेवढाच मिळेल का? परत पाठवायचा झाल्यास खर्च कोणाचा?" फक्त बुद्धिबळाचं सामान विकणाऱ्या दुकानाला ही उत्तरं देणं जड जाऊ नये, आणि तुम्ही जास्तीचे पैसे मोजता ते याच उत्तरांसाठी. सगळ्या वस्तू विकणाऱ्या साइटवरचा विक्रेता बहुधा जाहिरातीतलीच ओळ परत पाठवेल.

बिल घ्या. खोकं उघडताना फोनवर सलग व्हिडिओ काढा, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा. लाकडी सेट आला की खोकं एक दिवस तसंच खोलीत राहू द्या, लाकडाला इथल्या हवेची सवय होऊ दे, मग उघडा. आठ-आठ प्यादी ओळीत लावून फूटपट्टी वर आडवी ठेवा, एखादं बुटकं निघालं तर लगेच कळवा. वाढदिवस डिसेंबरात आहे, तेव्हा ऑर्डर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली पाहिजे, म्हणजे एखादा मोहरा बदलून मागवायची वेळ आली तरी तो वेळेत पोचेल. मुलीचा सेट मात्र आत्ताच मागवा, स्पर्धेआधी निदान महिनाभर तिचा हात त्या मोहऱ्यांवर आणि घड्याळावर बसायला हवा.